बाकीचे गणित : रोजच्या व्यवहारातील मापांक अंकगणित

भागाकार करताना चार गोष्टी हाती येतात : भाज्य, भाजक, भागाकार आणि बाकी. शाळेत भागाकाराला उत्तराचा मान मिळतो आणि बाकी शेवटी बाजूला लिहिली जाते. मापांक अंकगणितात मात्र बाकी हेच उत्तर असते. जी गोष्ट ठरावीक टप्प्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तिथे किती फेऱ्या झाल्या यापेक्षा चालू फेरीत आपण कुठे आहोत हे महत्त्वाचे असते. ते बाकीवरूनच कळते. घड्याळ, आठवडा, पंचांग, माग, तबला, दुकानातला बारकोड या साऱ्यांत हे गणित रोज वापरले जाते. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या, मागांच्या आणि पंचांगाच्या शहरात त्याची उदाहरणे पावलोपावली सापडतात.

मूळ कल्पना

ज्या संख्येने भागायचे तिला मापांक म्हणतात. दोन संख्यांना एकाच मापांकाने भागल्यावर बाकी सारखीच उरत असेल, तर त्या संख्या त्या मापांकापुरत्या समशेष असतात. ३१ आणि ७ या संख्यांना २४ ने भागले तर दोन्ही वेळा बाकी ७ उरते. म्हणून मापांक २४ असताना ३१ ≡ ७ असे लिहितात. तीन आडव्या रेघांचे हे चिन्ह जर्मन गणिती गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केले. बाकीचा हिशेब त्याच्या कितीतरी आधीपासून भारतासह अनेक देशांत चालू होता.

या गणिताचा मोठा गुण म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करताना मधेच कुठेही बाकी घेता येते, उत्तर बदलत नाही. ७ चा १०० वा घात केवढा तरी मोठा असतो, पण त्याचा शेवटचा अंक काढायला फक्त १० ने भागल्यावरची बाकी पाहावी लागते. ७ च्या घातांचे शेवटचे अंक ७, ९, ३, १ असे येतात आणि पुन्हा ७ पासून सुरू होतात. चारांचा हा फेरा आहे. १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे फेऱ्यातला चौथा अंक घ्यायचा. उत्तर १. शिष्यवृत्ती परीक्षेत घड्याळ आणि दिनदर्शिकेवर येणारे प्रश्न याच कल्पनेवर बेतलेले असतात.

घड्याळ आणि पाळ्या

मुंबईहून रात्री १० वाजता सुटलेली रातराणी ९ तासांनी सोलापुरात पोचली, तर २२ + ९ = ३१ आणि ३१ − २४ = ७, म्हणजे गाडी सकाळी ७ ला आली. मागे जातानाही हाच नियम. पहाटे ३ च्या आधी ५ तास म्हणजे ३ − ५ = −२. त्यात २४ मिळवले की २२, म्हणजे आदल्या रात्रीचे १०. ऋण उत्तर आले तर मापांक एकदा मिळवायचा, एवढेच.

सोलापूरच्या जुनी मिल, विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नरसिंग गिरजी मिल या गिरण्यांनी अनेक पिढ्यांचा दिवस पाळ्यांत वाटला. भोंगा वाजला की पाळी बदले. आजही कारखान्यांत आणि रुग्णालयांत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. एखाद्या कामगाराची पाळी दर आठवड्याला पहिली, दुसरी, तिसरी अशी फिरत असेल, तर विसाव्या आठवड्यातली पाळी शोधायला २० ला ३ ने भागायचे. बाकी २, म्हणजे दुसरी पाळी. बाकी ० आली तर तिसरी.

मापांक २ हा सगळ्यांत लहान आणि कामाचा. काही शहरांत रस्त्याच्या एका कडेला सम तारखांना आणि दुसऱ्या कडेला विषम तारखांना गाडी लावायची असते. हा नियम एक दिवसाआड कडा बदलतो असे वाटते, पण ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषमच असतात. वर्षात ३१ दिवसांचे सात महिने असल्याने सात वेळा सलग दोन दिवस एकाच कडेला गाडी लावावी लागते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरही असेच होते, म्हणजे एकूण आठ वेळा.

तारखेवरून वार

सोलापुरात मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ अशी वारांची नावे पेठांनाच मिळाली आहेत. वारांचा मापांक ७. साध्या वर्षात ३६५ दिवस असतात आणि ३६५ = ५२ × ७ + १. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन वार सरकते. तारखेवरून वार काढण्याची सारी पद्धत या दोन वाक्यांत आहे.

१९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. तो सोमवार होता. मग १२ जानेवारी २०२६ ला कोणता वार? मधे ९५ वर्षे गेली, म्हणून ९५ वार. १९३२ पासून २०२४ पर्यंत लीप वर्षे २४ आली, म्हणून आणखी २४ वार. ९५ + २४ = ११९ आणि ११९ = १७ × ७. बाकी शून्य, म्हणजे वार तोच, सोमवार. पंच्याण्णव वर्षांतले चौतीस हजारांहून अधिक दिवस मोजण्याची गरज पडली नाही.

याच हिशेबाने २८ वर्षांत २८ + ७ = ३५ वार सरकतात. ३५ ला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून २८ वर्षांपूर्वीची दिनदर्शिका पुन्हा जशीच्या तशी वापरता येते. शतकाचे वर्ष मधे आले तर मात्र जपावे लागते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. ४०० वर्षांत एकूण १,४६,०९७ दिवस येतात. हे बरोबर २०,८७१ आठवडे होतात, त्यामुळे दर ४०० वर्षांनी तारीख आणि वार यांची संपूर्ण मांडणी पुन्हा सुरू होते.

पंचांगातील बाक्या

शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेले दाते पंचांग सोलापूरहून निघते. पंचांग हे मापांक गणिताचे घरोघरी असलेले पुस्तकच आहे. दिवसाच्या ६० घटी, एक घटी २४ मिनिटांची. एका चांद्रमासाच्या ३० तिथी. नक्षत्रे २७, राशी १२, वार ७. यातला प्रत्येक फेरा आपल्या मापांकाने फिरत असतो.

सोप्यात सोपा हिशेब संवत्सराच्या नावाचा. प्रभव ते क्षय अशी ६० नावे आहेत आणि ती क्रमाने फिरतात. महाराष्ट्रातल्या रीतीप्रमाणे शकवर्षात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी येईल त्या क्रमांकाचे नाव घ्यावे. बाकी ० आली तर साठावे. शके १९४८ साठी १९४८ + १२ = १९६० आणि १९६० = ३२ × ६० + ४०. चाळिसावे नाव पराभव. पाडव्याला पंचांग हाती येण्याआधीच हे नाव कागदावर काढता येते.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ लिहिला. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी तो कित्येक पिढ्या वापरला. आरंभापासून किती दिवस गेले ही संख्या, म्हणजे अहर्गण, फार मोठी होऊ नये म्हणून त्यांनी ११ वर्षांचे एक चक्र केले. एका चक्रात ४०१६ दिवस धरले. ४०१६ ला ७ ने भागल्यावर बाकी ५ उरते. म्हणून झालेल्या चक्रांची पाचपट करायची, त्यात चालू चक्रातले दिवस मिळवायचे आणि ७ ने भागायचे. बाकी ० असेल तर सोमवार, १ असेल तर मंगळवार, याप्रमाणे वार येतो. हा वार प्रत्यक्ष वाराशी जुळला नाही, तर अहर्गणात एक दिवस कमी किंवा अधिक करून घेत. लांबलचक आकडेमोडीतली चूक एका बाकीने पकडण्याची ही पद्धत आहे.

नवशेष आणि अकराची कसोटी

बाकीने चूक पकडण्याचे दुसरे जुने साधन म्हणजे नवशेष. आर्यभट दुसरा यांच्या ‘महासिद्धांता’त त्याचा वापर आहे. १० = ९ + १, १०० = ९९ + १. म्हणजे दहाच्या प्रत्येक घाताला ९ ने भागले की बाकी १ उरते. त्यामुळे कोणत्याही संख्येला ९ ने भागल्यावरची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून मिळते. ३ आणि ९ च्या विभाज्यतेच्या कसोट्या याच कारणाने चालतात.

समजा, प्रत्येकी २४७ रुपयांच्या ८६ चादरींचे बिल २१,२४२ रुपये झाले. २ + ४ + ७ = १३, म्हणजे ४. ८ + ६ = १४, म्हणजे ५. ४ × ५ = २०, म्हणजे २. आता उत्तराची बेरीज : २ + १ + २ + ४ + २ = ११, म्हणजे २. जुळले. पण कारकुनाने चुकून २१,४२२ लिहिले तरी अंक तेच राहतात आणि बेरीजही ११ च येते. जागा बदललेले अंक नवशेषाला कळत नाहीत.

तिथे ११ उपयोगी पडतो. १० हा ११ पेक्षा एकाने कमी, म्हणून उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे करत जायचे. २४७ साठी ७ − ४ + २ = ५. ८६ साठी ६ − ८ = −२, म्हणजे ९. ५ × ९ = ४५, बाकी १. खरे उत्तर २१,२४२ साठी २ − ४ + २ − १ + २ = १, जुळले. चुकीच्या २१,४२२ साठी २ − २ + ४ − १ + २ = ५, जुळले नाही. दोन्ही कसोट्या पार केलेले उत्तर चुकीचे असण्याची शक्यता फारच कमी उरते.

तपास अंक

दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरील १३ अंकी बारकोडचा शेवटचा अंक केवळ तपासासाठी असतो. भारतात नोंदवलेल्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते. काल्पनिक उदाहरण म्हणून पहिले १२ अंक ८९०४१७३०६२५१ घेऊ. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ८ + ० + १ + ३ + ६ + ५ = २३. सम स्थानांवरील बेरीज ९ + ४ + ७ + ० + २ + १ = २३, तिची तिप्पट ६९. एकूण ९२. पुढचा दशक पूर्ण व्हायला ८ हवेत, म्हणून तेरावा अंक ८. यंत्र हीच बेरीज क्षणात करते आणि १० ने भाग गेला नाही तर कोड नाकारते.

इथे तिप्पटच का, दुप्पट का नाही? दुप्पट केली असती तर १ ऐवजी ६ वाचला गेला तरी चूक लपली असती, कारण २ आणि १२ यांची १० ने येणारी बाकी एकच. ३ आणि १० यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत त्या सहमूळ संख्या आहेत. त्यामुळे एक अंक चुकला तर बाकी बदलतेच. तरीही शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यातला फरक ५ असला, उदाहरणार्थ २ आणि ७, तर हा तपास फसतो.

पुस्तकांचा जुना १० अंकी आयएसबीएन क्रमांक मापांक ११ वर चालत असे. ११ ही मूळ संख्या असल्याने त्यात अदलाबदलही पकडली जाई. बाकीसाठी कधीकधी १० हा अंक लागे, तो एका जागेत मावत नसल्याने तिथे रोमन दहाचे चिन्ह छापत. २००७ पासून पुस्तकांनाही बारकोडशी जुळणारा १३ अंकी क्रमांक मिळतो. दुकानाच्या पावतीवरील १५ चिन्हांचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. त्याचे शेवटचे चिन्ह १० अंक आणि २६ इंग्रजी अक्षरे धरून मापांक ३६ ने ठरते. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय. तिथून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणीवर ११ अंक रंगवलेले असतात, त्यांतला शेवटचाही तपास अंकच. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक डच गणिती व्हेरहूफ यांच्या १९६९ च्या पद्धतीने निघतो. ती साध्या बाकीपेक्षा गुंतागुंतीची आहे, पण १० च अंक वापरून शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते.

माग आणि वीण

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते. परंपरागत जकार्डमध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. बाण्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा पुढे सरकतो आणि त्या वेळी ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते त्यातली भोके ठरवतात. माळेत २४० पुठ्ठे असतील, तर २४१ व्या फेकीला पुन्हा पहिला पुठ्ठा येतो. १००० व्या फेकीला कोणता? १००० = ४ × २४० + ४०, म्हणून चाळिसावा. धागा तुटून माग थांबला, तर नक्षी कुठे अडली हे याच हिशेबाने कळते.

विणीतच दडलेले गणित त्याहून रंजक आहे. ताण्याचे ५ धागे आणि बाण्याचे ५ धागे असा चौकटीचा कागद घ्यावा. प्रत्येक ओळीत एकच चौकोन रंगवायचा, तिथे ताणा आणि बाणा एकमेकांना बांधले जातात. पुढच्या ओळीत एक घर उजवीकडे सरकले तर तिरपी रेघ तयार होते. ही ट्विलची वीण, जीन्सच्या आणि अनेक गणवेशांच्या कापडावर दिसणारी. दोन घरे सरकले तर १, ३, ५, २, ४ असे पाचही धागे एकेकदा बांधले जातात, बांधण्या विखुरतात आणि कापड गुळगुळीत दिसते. ही साटीनची वीण. ८ धाग्यांवर तीन घरांच्या उडीने १, ४, ७, २, ५, ८, ३, ६ अशी साटीन बसते.

६ धाग्यांवर ती बसत नाही. दोनची उडी घेतली तर १, ३, ५ आणि पुन्हा १. धागे २, ४, ६ मोकळेच राहतात. तीनच्या उडीने १ आणि ४ एवढेच बांधले जातात. चारची उडी १, ५, ३ वर संपते. १ आणि ५ या उड्यांनी सगळे धागे बांधले जातात, पण त्यांतून उजवी किंवा डावी ट्विलच निघते. उडी आणि धाग्यांची संख्या सहमूळ असेल तरच प्रत्येक धाग्याची पाळी येते, आणि ६ शी सहमूळ असलेल्या लहान संख्या फक्त १ आणि ५ आहेत. म्हणून ६ धाग्यांची नियमित साटीन होऊच शकत नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८६७ मध्ये साटीनच्या या अंकगणितावर स्वतंत्र लेखन केले.

ताल आणि खेळ

तीनतालाच्या १६ मात्रांनंतर सम येते. तिहाईत एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका समेवर आणायचा असतो. ५ मात्रांचा तुकडा आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये १ मात्रेचा विराम घेतला, तर ३ × ५ + २ × १ = १७ आणि १७ = १६ + १. समेपासून सुरू केलेली तिहाई पुढच्या समेवर अचूक संपते. तोच तुकडा ८ मात्रांच्या भजनी ठेक्यातही चालतो, कारण १७ = २ × ८ + १. फक्त मधे एक सम ओलांडून जावी लागते.

खेळात राज्य कोणावर हे ठरवायला मुले ‘दहा, वीस, तीस’ पासून ‘शंभर’ पर्यंत मोजतात. यात १० उच्चार असतात आणि शंभर ज्याच्यावर येईल तो सुटतो. चार मुलांत १० ला ४ ने भागून बाकी २, म्हणजे दुसरा सुटला. मोजणी तिसऱ्यापासून पुन्हा सुरू झाली तर उरलेल्या तिघांत १० ला ३ ने भागून बाकी १, म्हणजे तिसरा सुटला. आता चौथा आणि पहिला उरले. १० ला २ ने पूर्ण भाग जातो, म्हणून या दोघांतला नंतरचा, म्हणजे पहिला सुटतो. राज्य चौथ्यावर. मोजणी सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला असतो.

दोन बाक्या एकदम

एका संख्येच्या दोन वेगवेगळ्या बाक्या ठाऊक असल्या तर ती संख्या शोधता येते. कवायतीला मुले ५-५ च्या रांगेत उभी केली तर ३ उरतात आणि ७-७ च्या रांगेत ४ उरतात. पहिल्या अटीने ३, ८, १३, १८ या संख्या मिळतात. यांतल्या १८ ला ७ ने भागल्यास बाकी ४. पुढे ३५-३५ मिळवत गेले की १८, ५३, ८८ अशी सगळी उत्तरे येतात. वर्गात पन्नासच्या आसपास मुले असतील तर ती ५३ च. ५ आणि ७ सहमूळ असल्यानेच ३५ पर्यंत बाक्यांची प्रत्येक जोडी एकदाच येते.

अशा प्रश्नांची सर्वसाधारण पद्धत भारतात कुट्टक नावाने प्रसिद्ध आहे. आर्यभटांनी ती इ.स. ४९९ मध्ये दिली आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त सविस्तर मांडली. ग्रहांच्या वेगवेगळ्या फेऱ्यांच्या बाक्यांवरून दिवसांची संख्या शोधणे हा तिचा मुख्य उपयोग होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे.

गुप्तलेखन

४८१९ हा आकडा लपवायचा असेल तर प्रत्येक अंकात ७ मिळवून फक्त एककाचा अंक ठेवावा. १५८६ मिळते. उलगडताना प्रत्येक अंकात ३ मिळवून एकक ठेवले की ४८१९ परत येतो, कारण ७ + ३ = १०. गुणाकारानेही लपवता येते. ३ ने गुणून लपवलेला अंक ७ ने गुणून परत मिळतो, कारण ३ × ७ = २१ आणि त्याची बाकी १. पण २ ने गुणून चालत नाही. १ आणि ६ दोघांचेही २ होते आणि मूळ अंक कायमचा हरवतो. २ आणि १० सहमूळ नाहीत.

रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी १९७७ मध्ये तयार केलेली आरएसए पद्धत याच तत्त्वाचे मोठे रूप आहे. तिचा मापांक दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो. मापांक सगळ्यांना माहीत असला तरी त्याचे दोन अवयव शोधणे अतिशय कठीण, म्हणून संदेश सुरक्षित राहतो. इंटरनेटवरील बँकव्यवहारांचे संरक्षण करणाऱ्या पद्धतींत तिचा मोठा वाटा आहे.

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार कोणत्याही मापांकात निर्धास्त करता येतात, भागाकार मात्र भाजक आणि मापांक सहमूळ असतील तरच. बारकोडमधला ३, साटीनमधली उडी, कवायतीतल्या रांगा आणि गुप्तलेखनातला गुणक या चारही ठिकाणी एकच अट दिसली. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला म.सा.वि. काढता येत असेल, तर ही अट तपासण्याचे साधन त्याच्याकडे आहेच. दिलेल्या दोन संख्यांचा म.सा.वि. १ आला, की फेरा प्रत्येक स्थानाला एकदा भेट देऊनच पूर्ण होतो.